ओट्यावरचा डाव

परतूर
२८ जानेवारी २०२५

अक्षता,

वर 'चि.' लिहायचं विसरले नाही, मुद्दाम लिहिलं नाही. आणि फोन लावत असशील तर लावू नकोस, तुझा नंबर मी बंद करून टाकलाय. तोंडानं बोलायला गेले तर काय बोलून बसेन याचा मलाच भरवसा नाही. सारी नोकरी मुलांना पत्रलेखन शिकवण्यात गेली, तेव्हा भावाच्या पोरीशी भांडायचं तर तेही लिहूनच भांडेन.

रविवारी तू काय करून गेलीस, कळतंय का तुला? बापू गेल्यापासून दर जानेवारीत मी त्यांच्या नावानं मुलांची बुद्धिबळ स्पर्धा घेते. यंदा म्हटलं आपली अक्षता पुण्यात बुद्धिबळाच्या इंजिनांच्या परीक्षा घेते, दोन शब्द बोलेल, पोरांना हुरूप येईल. बोललीस छान, नाही म्हणत नाही. मग तुला काय हुक्की आली कोण जाणे. निमंत्रणपत्रिकेवर आपण बापूंच्या त्या जुन्या डावाचा शेवट छापतो, तो उचलून तू पडद्यावर मांडलास. "बघू या, इंजिन काय म्हणतं माझ्या आजोबांना!" इंजिन म्हणालं, शून्य. माझ्या बापाच्या नावाखाली हातभर मोठं शून्य. आणि तू हसत हसत पोरांना समजावलंस, की हा डाव खरं तर बरोबरीचा, समोरचा नीट खेळला असता तर आजोबा जिंकूच शकले नसते.

पहिल्या रांगेत कल्याण बसला होता. काकासाहेबांचा मुलगा. तो उठला, हात जोडले आणि म्हणाला, "मंग असं म्हणा ना ताई, आमच्या वडलांनी डाव सोडला. मास्तरांचं मन राखलं." लोकांनी टाळ्या वाजवल्या. आपल्याही लोकांनी वाजवल्या.

तुझ्या बापानं, वसंतानं, तुला कधी सांगितलं असेल-नसेल, म्हणून लिहिते. शहागडच्या पुढं आपल्या गावात काकासाहेबांच्या ओट्यावर पट मांडलेला असायचा. बापूंचा हात चांगला, म्हणून काकासाहेब त्यांना डावाला बोलवायचे, पण वर बसवायचे नाहीत. काकासाहेब ओट्यावर गादीवर, बापू खाली अंगणात उभे. बापू तोंडानं चाल सांगायचे आणि त्यांचं मोहरं रखमाजी गडी सरकवायचा. मोहऱ्याला बापूंचा हात लागू द्यायचा नाही. दाराआडून झुंबरबाई, काकासाहेबांची बायको, सगळं बघत असायच्या. असं कित्येक वर्षं चाललं. मग एके दिवशी बापू सगळ्यांच्या देखत म्हणाले, "आजचा डाव जिंकला तर पुढचा वर बसून खेळणार. माझ्या हातानं." काकासाहेब हसले, हो म्हणाले, आणि हरले. दुसऱ्या दिवशी बापू ओट्यावर चढले आणि त्यांच्यामागून आपली वस्ती चढली.

ते जिंकून चढले होते, अक्षता. कुणी हात देऊन वर घेतलं नव्हतं. तू एका शून्यानं त्यांना पुन्हा अंगणात आणून उभं केलंस.

संध्या आत्या

*

पुणे
६ फेब्रुवारी २०२५

आत्या, जय भीम.

तुम्ही 'चि.' लिहिलं नाही, मी 'तीर्थरूप' लिहीत नाही. फिटंफाट.

मी आजोबांवर हसले नाही. पडद्यावर आलेला आकडा वाचून दाखवला. तो आकडा तुम्हाला आवडला नाही, म्हणून मी तो बदलू शकत नाही. हेच तर माझं काम आहे. आम्ही काही हौशी लोक मिळून बुद्धिबळ खेळणारं एक इंजिन बनवतो, आणि त्यात मी बघते ते राजा आणि प्यादी एवढीच उरलेले डाव. दिसायला सोपे असतात, पण इंजिनची खरी परीक्षा तिथेच होते. पट मोहऱ्यांनी भरलेला असताना इंजिन चुकलं तर ती चूक झाकून जाते. प्यादीच उरली असली की एक घर इकडचं तिकडे झालं तरी जिंकलेला डाव हातचा जातो. इंजिनमध्ये कुणी काही नवीन घातलं, की मी असे ढीगभर डाव त्याच्यापुढे टाकते आणि कुठे चुकतंय ते बघते. तिथे हा माझ्या माणसाचा डाव, तो दुसऱ्याचा, असं करता येत नाही.

आजोबांच्या डावात दोन राजे आहेत, आजोबांची दोन प्यादी आणि काकासाहेबांचं एक. बघणाऱ्याला वाटतं, एक प्यादं जास्त, जिंकले. इतकी वर्षं पत्रिकेवर बघून मलाही तेच वाटत होतं. पण उजवीकडची दोन प्यादी एकमेकांच्या पायी संपतात आणि आजोबांचं एकच प्यादं उरतं, तेही पटाच्या अगदी कडेचं. काकासाहेबांचा काळा राजा वेळेवर त्या कडेच्या कोपऱ्यात जाऊन बसतो. तिथून त्याला कुणीही काढू शकत नाही. डाव बरोबरीत. घरी आल्यावर मी आणखी वेगवेगळी इंजिनं लावून पाहिली. सगळी तेच सांगतात.

याचा अर्थ एवढाच, की काकासाहेब कुठेतरी चुकले. चुकणं म्हणजे सोडणं नव्हे. कल्याणनं माझा आकडा घेऊन स्वतःची थाप त्याला चिकटवली. तिथल्या तिथे मी त्याला गप्प केलं असतं, पण तुम्ही माझा दंड धरून मला खाली बसवलंत. सगळ्यांसमोर. आणि राग काढताय तो माझ्यावर, कारण कल्याणवर काढायची हिंमत होत नाही.

तुम्ही आजोबांचा पुतळा करून ठेवलाय. पुतळ्याकडे कुणी नीट बघितलं तरी तुम्हाला तडा गेल्यासारखं वाटतं. मला तो माणूस बघायचा होता.

अक्षता

*

परतूर
१७ फेब्रुवारी २०२५

अक्षता,

तुम्ही? माझ्या ताटातली धपाटी पळवताना 'तू' होते मी. बरं, पुण्याची रीत असेल.

हिंमतीचं म्हणशील, तर ऐक. कल्याण गेल्या आठवड्यात घरी आला होता. पेढे घेऊन. ओट्यासमोर दगडी फलक लावणार आहे म्हणाला, मजकूर वाचून दाखवला, जणू माझी परवानगीच घेतोय. 'याच ठिकाणी कै. काकासाहेबांनी हातातला डाव सोडून साहेबराव मास्तरांना आपल्या शेजारी बसवले.' अनावरण चौदा एप्रिलला. आपल्या दिवशी. त्याला आपल्यातले दोन जण हार घालायला तयारही झालेत. आणि प्रमुख पाहुणी कोण, तर मी! म्हणे, "बाई, ह्यात तुमचाच मान हाय. तुमच्याच पोरीनं मशीन लावून सिद्ध केलं." मी पेढा घेतला नाही. तो बशीत ठेवून गेला. मुंग्यांनी खाल्ला.

चुकणं म्हणजे सोडणं नव्हे, हे मला काय शिकवतेस? गावाला जाऊन शिकव. दगडावर एकदा कोरलं की पुढच्या पिढ्या तेच वाचणार. माझ्या बापानं मागून नाही, भांडून नाही, पटावर जिंकून जी जागा घेतली, ती भीक म्हणून कोरली जाणार. मला दुसरं काही नको. तो दगड उभा राहायला नको.

आणि तो डाव तू मला समजावून सांगतेस? मी बुद्धिबळ का खेळत नाही, ते माहीत आहे तुला? मी शाळकरी असताना बापू रोज संध्याकाळी तोच डाव मांडायचे. स्वतः स्वतःच्या बाजूला, मला काकासाहेबांच्या बाजूला. "वाचव," म्हणायचे. मी इकडून पळायचे, तिकडून पळायचे, प्यादं पुढं काढायचे, मागं ठेवायचे. शेवटी माझा राजा त्या कोपऱ्यात जाऊन अडकायचा, ना पुढं ना मागं, आणि बापू मोहरी गोळा करून डब्यात घालायचे. मी रडायचे. आई ओरडायची, पोरीला कशाला हरवता रोज रोज? एकदाही वाचले नाही गं. पुढं पटच नकोसा झाला मला. बापूंशी मी त्यापायी बरेच दिवस नीट बोलत नव्हते. तुझी इंजिनं म्हणतात, त्या कोपऱ्यातून राजाला कुणी काढू शकत नाही. बरोबर आहे, मला कुणी काढलं नाही.

संध्या

*

पुणे
२४ फेब्रुवारी २०२५

आत्या,

भांडण तात्पुरतं बाजूला ठेव. संपलेलं नाही, पण ठेव. फक्त एका गोष्टीचं उत्तर दे आणि लगेच पोस्टात टाक.

तुझा राजा कोपऱ्यात अडकायचा, तेव्हा त्याला शह असायचा का? म्हणजे आजोबांचं प्यादं त्याच्यावर चालून आलेला असायचा? की शह नसायचा, नुसतं हलायला घर उरलेलं नसायचं? आणि त्यावर आजोबा नेमकं काय म्हणायचे? नीट आठवून लिही. अंदाजानं लिहू नकोस.

अक्षता

*

परतूर
३ मार्च २०२५

अक्षता,

अंदाजानं? मुख्याध्यापिका होते मी, पोस्टातली कारकून नव्हे. आणि प्यादं 'आलेला' नसतं, 'आलेलं' असतं. पुण्यात मराठी तेवढीच शिकवतात वाटतं.

शह नसायचा. मी दर वेळी त्यावरूनच भांडायचे, शह कुठंय, आधी शह दाखवा. बापू म्हणायचे, "शह कशाला पाह्यजे? चाल उरली न्हाई ना? अडकला तो हरला. मांड पुन्हा." गावात सगळे तसंच खेळायचे, ओट्यावरही आणि आपल्या वस्तीतही. यात विचारण्यासारखं काय आहे ते मला कळलं नाही.

फलक कोरायला गेला आहे.

संध्या

*

पुणे
१९ मार्च २०२५

आत्या,

यात विचारण्यासारखं काय, असं तू लिहिलंस. सगळं त्यातच होतं.

आज जगात सगळीकडे जो नियम चालतो, त्याप्रमाणे राजाला शह नसेल आणि त्या बाजूला एकही चाल उरली नसेल, तर डाव बरोबरीत सुटतो. मी बुद्धिबळ शिकले तेच मुळी कॉम्प्युटरवर. मला वाटायचं, बुद्धिबळ म्हटलं की हाच नियम, दुसरा असूच शकत नाही. आणि तू आयुष्यात दुसरा कुठला पट बघितला नाहीस, तुला वाटायचं, अडकला तो हरला, हे काय सांगायला पाहिजे? एकाच पत्रिकेवर तोच डाव छापलेला, आणि आपण दोघी दोन वेगळे खेळ बघत होतो. मी आजोबांचा डाव तपासलाच नव्हता. मी भलताच डाव तपासला आणि त्याचं शून्य त्यांच्या नावाखाली लावलं. परीक्षा घ्यायच्या आधी नियम विचारायचा असतो, एवढं साधं मला सुचलं नाही. माझं चुकलं. फार वाईट वाटतंय, आणि हे मी तुझ्या धाकानं लिहीत नाहीये.

आता पुढचं ऐक. इंजिनला नियम आम्हीच लिहून देतो. 'चाल उरली नाही, शह नाही, तर बरोबरी' असं जिथे होतं तिथे मी 'हरला' असं केलं. पण तेवढ्यावर विश्वास ठेवता येत नाही. थोडीच मोहरी उरलेले सगळे डाव लोकांनी आधीच शेवटपर्यंत सोडवून ठेवलेत, आम्ही इंजिनची उत्तरं त्याच्याशी ताडून बघतो. ते सगळं जगाच्या नियमानं सोडवलेलं, इथे काही कामाचं नाही. म्हणून दोन राजे आणि एवढ्याच प्याद्यांचे सगळे डाव मी गावच्या नियमानं शेवटाकडून मागे मागे येत पुन्हा सोडवले. ऑफिसातून आल्यावर दुसरं काही केलं नाही. इंजिनचं उत्तर आणि त्याचं उत्तर सारखं आलं.

आजोबा जिंकतात. काकासाहेबांच्या बाजूनं मी प्रत्येक चाल खेळून पाहिली, एकही वाचवत नाही. कोपऱ्यात जाणं, जे जगाच्या नियमात वाचायचं ठिकाण, तेच इथे मरायचं. आजोबांच्या बाजूनं मात्र डाव आयता नव्हता. मोजक्याच चाली जिंकतात, बाकी कुठलीही केली की गेलं. म्हणजे चुकायला जागा होती ती फक्त आजोबांना. आणि अंगणात उभं राहून, मोहऱ्याला हात न लावता, ते चुकले नाहीत.

कल्याणला सांग, काकासाहेबांनी डाव सोडला नाही. त्यांच्याकडे सोडायला काही नव्हतंच.

आणि तुला एक सांगायचं आहे. लहानपणी तू रोज हरायचीस ते तुझं काही चुकत होतं म्हणून नाही. त्या बाजूनं कुणीच वाचत नाही. मला वाटतं आजोबा तुला हरवत नव्हते. आपण खरंच जिंकलो होतो ना, हे ते रोज तपासून बघत होते. मी करते तेच काम, फक्त त्यांच्याकडे इंजिन म्हणून तू होतीस.

कल्याण म्हणेल, नियम आत्ता बनवला. तेव्हा ओट्यावर तो नियम होता हे सांगणारं माणूस एकच उरलंय, आणि ते त्याच्याच घरात आहे. झुंबरबाई. जाऊन विचार.

तुझी,
अक्षता

*

परतूर
२७ मार्च २०२५

अक्षता,

पत्र वाचलं. परत वाचलं. बापू तपासून बघत होते म्हणालीस. ते तेवढं माझ्यापाशी राहील, त्याबद्दल इथे लिहिणार नाही.

पण शेवटी जे सुचवलंयस ते वाचून अंगाचा तिळपापड झाला. झुंबरबाईला जाऊन विचार! ज्या अंगणात बापू उभे राहायचे, तिथं मी उभी राहू आणि म्हणू, बाई, माझा बाप जिंकला होता ना हो? एवढी वर्षं शिकून, शिकवून, शेवटी साक्ष मागायला त्यांच्याच दारात? ती म्हातारी नाही म्हणाली तर? आपल्या नवऱ्याविरुद्ध आणि पोटच्या पोराविरुद्ध ती माझ्या बाजूनं कशाला बोलेल?

आणि तुझं ते यंत्र. जानेवारीत शून्य म्हणालं, मार्चमध्ये जिंकले म्हणतं. सांगावं तसं वागतं. तू लहान असताना तशी असतीस तर बरं झालं असतं. कल्याण हेच म्हणणार, की घरचं मशीन, घरचा निकाल. तुझं 'सोडायला काही नव्हतंच' हे वाक्य चांगलं आहे. पण चांगल्या वाक्यानं दगड हलत नाही. बोलायचं होतं ते जानेवारीत, माइक हातात असताना, तेव्हा तुला हसू येत होतं.

संध्या आत्या

*

पुणे
२ एप्रिल २०२५

आत्या,

मग नको जाऊस. चौदा तारखेला नवी साडी नेस, खुर्चीवर बस, कल्याणच्या हातून नारळ घे आणि फलकावरचा पडदा ओढ. पेढाही खा या वेळी.

मी माफी मागितली ती आजोबांची आणि तुझी. तू ती पायपुसण्यासारखी वापरायला लागलीस तर परत घेईन. चूक मी केली, ती निस्तरायला रोज रात्री बसले. तू काय केलंस? मुंग्या पेढा खाताना बघत बसलीस.

साक्ष मागायला कोण सांगतंय? आजोबांनी साक्षीदार जमवले होते का? त्यांनी डाव मांडला. तूही मांड. त्याच ओट्यावर. कल्याणला म्हण, वडलांनी सोडला म्हणतोस ना, मग तू सोडू नकोस, वाचवून दाखव. त्याला खेळता येतं, स्पर्धेच्या वेळी पोरांशी खेळताना मी पाहिलंय. जिंकणाऱ्या सगळ्या चाली लिहून सोबत पाठवतेय. पण तुला कागद लागेल असं मला वाटत नाही. त्या बाजूनं पळायच्या सगळ्या वाटा तू पळून बसली आहेस. तो कुठे जाईल हे तुला त्याच्याआधी कळेल.

मी आले असते. पण नंबर बंद असलेल्या माणसाकडे कसं यायचं असतं, ते मला माहीत नाही.

अक्षता

*

परतूर
९ एप्रिल २०२५

चि. अक्षता,

'चि.' लिहिलंय म्हणून हुरळून जाऊ नकोस. पायपुसण्याचं वाक्य मी विसरलेले नाही आणि विसरणारही नाही. पुढच्या जानेवारीत त्याच हॉलमध्ये, त्याच पडद्यावर तू हा डाव पुन्हा मांडशील आणि गावचा नियम आधी सांगून मगच इंजिन लावशील. पत्रात मागितलेली माफी मला पोचली, पण शून्य तू चारशे लोकांना दाखवलं होतंस. त्यांनाही पोचू दे.

परवा गेले होते गावाला. बापूंचा पट आणि मोहऱ्यांचा डबा पिशवीत घालून एसटीनं शहागडपर्यंत, पुढं काळीपिवळीनं. तुझा कागद पर्समध्ये होता. काढला नाही.

ओट्याला आता चकचकीत फरशी बसवली आहे. समोर फलक उभा करून ठेवलेला, वर पांढरं कापड. कल्याण आणि गावातली चार माणसं चहा घेत बसली होती. मला बघून कल्याण उठला, चांगला हात लांब करून म्हणाला, "या बाई, या, वर या. आमच्यात आता तसलं बिलकुल काही न्हाई."

मी म्हटलं, "माझ्या बापानं जिंकलेली जागा आहे, कल्याण. तिथं तू मला बोलावू नकोस." आणि चढले. त्याचं तोंड उतरलं. उतरू दे.

पट मांडला. म्हटलं, "वडलांनी सोडला म्हणतोस. तू सोडू नकोस. वाचव." तो हसला. "बाई, ताईंनी पडद्यावर दाखवलं ना, हितून कुणी जिंकत न्हाई. उगं कशाला?" पण चार माणसं बघत होती, नाही कसं म्हणणार? बसला.

तुला खरं सांगते, पहिली चाल मी मनात दोनदा करून मगच केली. बापूंच्या बाजूनं मी आयुष्यात कधी बसलेच नव्हते. चुकायला जागा फक्त त्यांना होती, असं तू लिहिलं होतंस, आणि आता ती जागा मला होती. मग कल्याणनं प्यादं पुढं काढलं, आणि मला हसूच आलं. ते प्यादं मी किती वेळा काढलं होतं! त्यानंतर तो जे जे करायला गेला ते मी आधीच करून, हरून, रडून बसलेले. उजवीकडची प्यादी गेली. माझं कडेचं एक राहिलं. त्यानं अगदी ऐटीत राजा कोपऱ्यात नेऊन ठेवला आणि मांडी बदलून निवांत बसला. मी प्यादं एक घर पुढं सरकवलं.

तो चाल करायला वाकला. हात राजावर गेला, थांबला, मागं आला. म्हणाला, "झाली बराबरी. शह कुठंय?"

माझेच शब्द, अक्षता. माझ्याच जागी बसून. मला त्याची क्षणभर कीवही आली, पण ती फार टिकली नाही.

मी काही म्हणायच्या आत दारातून आवाज आला. झुंबरबाई बाजेवर बसून होत्या, मला वाटलं होतं डुलकी लागली असेल. "अडकला तो हरला," म्हणाल्या. "ह्या ओट्यावर दुसरं कवा चाललंय? तुझ्या बापानं किती जणांला असंच घरी धाडलं. आपल्यावर आलं की बदलतोय व्हय रं?"

कल्याण म्हणाला, "पण आई, तवा वडलांनी डाव सोडला होता ना? मास्तरांसाठी?"

"सोडला? त्यांनी?" म्हातारीनं तोंडावरचा पदरच काढला. "बांधावरची बोर सोडली न्हाई त्यांनी कुणाला. त्या डावानंतर पट चुलीत घालाया निघाल्ते. मी हिसकून घेतला. दोन दिस जेवले न्हाईत, माज्यासंगं बोलले न्हाईत. जसा काय मीच हरवला त्यांला. सोडणारा माणूस असा करतो व्हय?"

चार माणसं ऐकत होती. कुणी चहाचा कप खाली ठेवेना.

मग ती माझ्याकडे वळली. मला वाटलं आता काही बरं बोलेल. म्हणाली, "खरं हाय ते बोलले. पण तू माज्या दारात येऊन माज्या पोराला हरवती, हे मला गोड लागलं असं समजू नको. खेळ झाला. आता जा." मी म्हटलं, जाते. आम्ही दोघींनी एकमेकींना पाणीसुद्धा विचारलं नाही.

आज सकाळी गावाकडून कळलं, फलक परत कोरणाऱ्याकडे गेला आहे. नवा मजकूर काय ते मला माहीत नाही. जुनाच आला तर मी पट घेऊन पुन्हा जाईन, हे कल्याणला माहीत आहे. चौदाला सकाळी वंदना झाली की गावाला निघणार आहे. तुला यायचं असेल तर नंबर सुरू केला आहे. फोनवर फार बोलू नकोस, नुसतं कितीच्या गाडीनं येतेस ते सांग.

ओट्यावरून निघण्याआधीचं एक राहिलं. कल्याण पटाकडे बघत बसला होता, अजून कुठं घर सापडतंय का म्हणून. मी त्याला बघू दिलं. घाई केली नाही. बापूही माझी घाई करायचे नाहीत. मग त्यानं मान हलवली, आणि मी दोन्ही राजे आणि ते प्यादं माझ्या हातानं उचलून डब्यात घातलं. त्या डावातून मी पहिल्यांदा जिंकून उठले.

संध्या आत्या